टाळी वाजवणाऱ्यांना गप्प का बसवता?

कार्यक्रमाला महिना होत आला, तरी जळगावात चर्चा चालू आहे ती संगीताची नाही, टाळ्यांची. मुंबईहून वाद्यवृंद आला, सोबत चार आवाजांत गाणारा गायकवृंद आला. पूर्वार्धात मोझार्टची चाळिसावी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची चार भागांची रचना, झाली, उत्तरार्धात हँडेलच्या 'मसाया' या मोठ्या गायन-रचनेतले निवडक कोरस, म्हणजे समूहगानं, झाली. सिंफनीचा पहिला भाग संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा संपला, तेव्हाही वाजवल्या. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, चार भाग मिळून एक रचना होते एवढंही खान्देशातल्या माणसाला ठाऊक नाही, बाहेरच्या कलाकारांपुढे आपली शोभा झाली. दुसरा म्हणतो, तिकीट आम्ही काढलं, टाळी कधी वाजवायची ते आम्हाला कोणी शिकवायचं कारण नाही. मला दोन्ही म्हणणी चूक वाटतात आणि पहिलं अधिक घातक वाटतं. भागांमधली टाळी हा अपराध नाही. समोरच्याने ऐकल्याची ती पोच आहे. त्या संध्याकाळी अपराध घडलेच नाहीत असं नाही. पण ते वेगळे होते, आणि त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

ज्या मोझार्टची बूज राखण्यासाठी ही शिस्त सांगितली जाते, तो स्वतः काय लिहून गेला आहे ते पाहू. १७७८च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये त्याची एक सिंफनी पहिल्यांदा वाजली. ३ जुलैला वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, पहिल्या भागाच्या मध्ये लोकांना आवडणारच अशी एक जागा त्याने मुद्दाम ठेवली होती, आणि ती आली तेव्हा वाजवणं चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तीच जागा भागाच्या शेवटी पुन्हा आणायची हेही त्याने आधीच ठरवलं होतं. शेवटच्या भागात त्याने आणखी एक युक्ती केली. पॅरिसमध्ये हा भाग सगळ्या वाद्यांनी एकदम दणक्यात सुरू करायची पद्धत होती. त्याने नुसत्या व्हायोलिनवर हळू आवाजात सुरुवात केली. श्रोत्यांनी एकमेकांना 'शू' करून गप्प केलं, आणि काही क्षणांतच सगळी वाद्यं एकत्र कडाडली तेव्हा त्याच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. खूश झालेला मोझार्ट तिथून निघून आइसक्रीम खायला गेला. हा माणूस श्रोत्यांच्या प्रतिसादावर चिडणारा नव्हता. तो प्रतिसाद त्याने रचनेतच धरला होता.

आपल्याकडेही त्या संध्याकाळी असंच काहीसं झालं. चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात व्हायोलांच्या, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यांच्या, दबक्या खळखळाटाने होते आणि लगेच वरून व्हायोलिनची ती धून येते. ती येताच सभागृहात एक कुजबुज पसरली, कारण सलील चौधरींनी १९६१च्या 'छाया' चित्रपटातल्या एका गाण्यात हीच धून घेतली आहे. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीचा हात दाबला आणि दोघी खुदकन हसल्या. या कुजबुजीवरही नंतर बरीच टीका झाली. मला मात्र त्या क्षणी हायसं वाटलं. अनोळखी म्हणून अवघडून बसलेल्या माणसांना एक ओळखीचा सूर सापडला होता, आणि पुढचं सगळं ती त्या सुराचा माग काढत ऐकणार होती. ही ओळख करून देणारे सलील चौधरी सिनेमाबाहेर समूहगानासाठी किती खपले, ते 'बॉम्बे यूथ कॉयर' आठवणाऱ्यांना सांगायला नको. सिनेमाच्या वाटेने आलेला श्रोता कमअस्सल, हे कोणी ठरवलं?

आजच्या नियमाची आणखी एक गंमत इतिहासात दडली आहे. १८५९च्या जानेवारीत लाइपझिगमध्ये ब्राम्सने आपला पहिला पियानो कंचेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, स्वतः वाजवला. पहिला भाग झाला, दुसरा झाला, कोणी हललं नाही. शेवटी दोन-तीन जणांनी टाळी वाजवायचा प्रयत्न केला, तर चहूबाजूंनी शिस्कारे आले. पंचविशीतल्या ब्राम्सने मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सगळं आपली फजिती म्हणून सांगितलं आहे. म्हणजे त्या काळी भाग संपल्यावर सभागृह गप्प राहिलं, की वाजवणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. त्याआधी १८१३मध्ये व्हिएन्नात बेथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा झाली तेव्हा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवून घेतला होता. आणि १८२४च्या ७ मेची हकिगत तर सर्वांनाच माहीत आहे: नववी सिंफनी, मंचावर वाद्यवृंद आणि गायकवृंद, ऐकू न येणारा बेथोव्हन पाठमोरा उभा, आणि कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला लोकांकडे वळवून टाळ्या दाखवल्या. हे शेवटी घडलं असं काही जण सांगतात, दुसऱ्या भागानंतर घडलं असं इतर काही जण सांगतात. दुसरी हकिगत खरी धरली, तर संगीताच्या इतिहासातली सर्वांत हृद्य टाळी भागांच्या मध्ये पडली म्हणायची. त्या श्रोत्यांना आपण अडाणी ठरवणार का?

गप्प बसण्याची शिस्त नंतरची आहे. १८८२मध्ये बायरॉइटला वाग्नरचं 'पार्सिफाल' हे संगीतनाटक झालं, तेव्हा मध्ये टाळी वाजवायची की नाही यावर असा काही गोंधळ उडाला की पुढच्या एका प्रयोगात खुद्द वाग्नरने आनंदाने 'ब्राव्हो' म्हटलं आणि आसपासच्या भक्तांनी त्यालाच गप्प केलं, असं नोंदवलेलं आहे. अमेरिकेत १९२९मध्येसुद्धा स्टोकोव्स्की या वाद्यवृंद-संचालकाला फिलाडेल्फियाच्या श्रोत्यांशी टाळ्या नकोत म्हणून वाद घालावा लागला. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्त्य संगीताचा सनातन धर्म समजतो, तो फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे, आणि तो तिथल्या लोकांच्याही सहजी गळी उतरला नव्हता.

तरीही या शिस्तीने काही दिलं, हे मान्य केलंच पाहिजे. ती आली म्हणून रचनाकारांना अगदी बारीक आवाजापर्यंत उतरता आलं. चायकोव्स्कीची सहावी सिंफनी ऐकू येईल न येईल अशा सुरांत विझत जाते. तिथे कोणी घाईने टाळी मारली तर मागचा पाऊण तास वाया जातो. गायकवृंदाचं तर आणखी नाजूक काम. साथीशिवाय गाताना सोप्रानो, आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे), टेनर, बास (पुरुषांचे उंच आणि खालचे) हे चार आवाज एकमेकांच्याच आधाराने सूर धरून असतात. एका ओळीतले गायक आळीपाळीने श्वास घेतात म्हणून आपल्याला सूर अखंड वाटतो. शेवटचा स्वर थांबल्यावर क्षणभर तो सभागृहात रेंगाळतो, आणि तो रेंगाळणारा स्वरही त्यांच्या गाण्याचाच भाग असतो. टीका करणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. 'मसाया'तल्या 'हालेलुया' कोरसच्या शेवटाकडे हँडेलने सगळ्यांना एकदम थांबवलं आहे. पूर्ण शांतता, आणि मग शेवटचा रुंद, सावकाश 'हालेलुया'. त्या संध्याकाळी नेमकी त्या शांततेत टाळी पडली. मला ते लागलं. गायकवृंदाच्या मागच्या रांगेतल्या दोन मुली गाण्यासाठी तोंड उघडून उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मला दिसला.

पण मग ही चूक कशाची होती? टाळी वाजवण्याची की वाट न पाहण्याची? आणि वाट पाहणं खान्देशी श्रोत्याला येत नाही, असं कोण म्हणेल? तबलजी तिहाई घेतो तेव्हा पहिल्या पल्ल्याला कोणी टाळी वाजवत नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसरा समेवर पडतो तेव्हाच दाद येते. जळगावात बालगंधर्व महोत्सवाला वर्षानुवर्षं येणारी माणसं हे जाणतात. त्यांना एवढंच सांगायला हवं होतं की, संचालकाचा हात वर आहे तोवर सम आलेली नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य कोणी बोललं नाही आणि नंतर सगळे मिळून श्रोत्यांना बोल लावू लागले.

राहिला रचना एकसंध असण्याचा मुद्दा. ज्या रचनाकारांना भागांमध्ये खंड नको होता त्यांनी तशी सोय करून ठेवली आहे. मेंडेल्सनने व्हायोलिन कंचेर्टोचा पहिला भाग संपताना बासून या फुंकून वाजवायच्या वाद्याचा एक सूर तसाच धरून ठेवला आणि त्यावरून दुसऱ्या भागात पाऊल टाकलं. टाळीला जागाच ठेवली नाही. बेथोव्हनने पाचव्या सिंफनीत तिसरा भाग थेट चौथ्यात नेला. ज्यांनी असं केलं नाही, ज्यांनी पहिला भाग जोरकस, पूर्ण मिटणाऱ्या स्वरांवर संपवला, त्यांनी काय अपेक्षा केली असेल? चाळिसाव्या सिंफनीच्या पहिल्या भागाचा शेवट ऐकून हात आपोआप जुळतात, यात हातांचा दोष नाही.

आता त्या संध्याकाळचा एक प्रसंग सांगते, कारण सगळा वाद माझ्या मते त्यात आहे. माझ्या पुढच्या रांगेत पारोळ्याकडचे एक काका बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, सोबत कॉलेजातली नात. पहिला भाग संपला तसे ते उत्स्फूर्तपणे टाळ्या वाजवू लागले आणि नातीकडे वळून म्हणाले, "काय भारी वाजाडं भो!" दुसऱ्या भागानंतर त्यांनी पुन्हा हात उचलले, तेव्हा पलीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अहो, अजून संपलेलं नाही, कळत नसेल तर गप्प बसा" म्हटलं. काकांनी हात मांडीखाली घेतले. नातीने मान खाली घातली. असे शेरे सभागृहात आणखी दोन-तीन ठिकाणी झाले असावेत, कारण तिसऱ्या भागानंतर चिडीचूप होतं. आणि चौथा भाग, खरोखरचा शेवट झाला, तेव्हाही चिडीचूप! वाजवणाऱ्यांनी धनुकल्या खाली घेतल्या, संचालक पाठमोरे थांबले, कोणाचीच हिंमत होईना. शेवटी संचालक वळले आणि हसून मान लववली, तेव्हा कुठे टाळ्या आल्या, त्याही बिचकत. ज्यांनी शिस्त लावली, त्यांनी त्या साठेक वादकांना त्यांच्या हक्काची दाद मिळू दिली नाही. उत्तरार्धात ते काका मला दिसले नाहीत. नात दिसली, एकटी.

संगीताची चाड असलेली मंडळी म्हणतात, माहिती नसणं हा गुन्हा नाही पण माहिती करून न घेणं हा आहे. ठीक. मग १ ऑगस्ट १९७१ची गोष्ट घ्या. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मदतीचा कार्यक्रम होता. रविशंकर आणि अली अकबर खाँ मंचावर बसले, वाद्यं लावून घेतली, आणि लोकांनी त्या सूर लावण्यालाच टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले, वाद्यं लावणं तुम्हाला इतकं आवडलं, तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. एवढंच. कोणाचा पाणउतारा नाही, कोणाला गप्प बसवणं नाही. पुढची मैफल त्या श्रोत्यांनी ऐकली. न्यूयॉर्कच्या श्रोत्याची चूक गोड मानायची आणि पारोळ्याच्या श्रोत्याची चूक लाजिरवाणी, हा न्याय कुठला?

आता दुसऱ्या तटाशी बोलायला हवं, कारण त्यांचा कळवळा मला कळतो पण त्यांचा युक्तिवाद आपल्याच परंपरेला कमीपणा आणतो. ते म्हणतात, आपल्याकडे ऐकणं म्हणजे सामील होणं, इथे वहीगायन आहे, आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, गाणी आहेत, काठी गावच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल घुमतात. तोंड मिटून बसणं आपल्या रक्तात नाही. यातलं पहिलं अर्धं अगदी खरं आहे. एकत्र गाणं आपल्याला कोणी बाहेरून आणून दिलेलं नाही. वहीत म्होरक्या ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलून धरतात, डफ त्यांना बांधून ठेवतो. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीबाळी झोक्यावरून एकमेकींना गाण्यातून उत्तरं देतात. साने गुरुजींनी अमळनेरला मुलं शिकवली, आणि पुढे त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून हजारो मुलं एका सुरात गाऊ लागली. नवापूर-नंदुरबारकडे नाताळात मंडळ्यांमधून गाणी होतात, तीही अनेक गळ्यांची.

पण यातल्या कुठल्या प्रकारात वाटेल तेव्हा वाटेल ते चालतं? झीलकऱ्याने म्होरक्याची ओळ संपायच्या आधी तोंड उघडलं तर त्याला कोण उभं करील? झोक्यावर समोरच्या बाजूचं कडवं पुरतं ऐकल्याशिवाय उत्तर कसं सुचेल? कीर्तनात बुवा अभंगाचा अर्थ लावत असताना मागून कोणी बडबडलं, तर म्हातारी माणसं डोळे वटारतात. ख्यालाच्या बैठकीत आलापी चालू असताना जाणता माणूस दारातच थांबतो आणि बंदिश संपल्यावर आत येतो. आपली दाद मुक्त आहे, पण ती जागेवर पडते. जागा कळण्यासाठी ऐकावं लागतं. 'आमच्याकडे सगळं चालतं' हे म्हणणं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कान तयार केलेल्या माणसांना बेशिस्त ठरवणं आहे.

दाद हाताबाहेर गेली की काय होतं, हेही आपण अनुभवलेलं आहे. संगीत नाटकांच्या भरात वन्समोअरचा इतका मारा व्हायचा की रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नसे. व्हिएन्नातही हेच झालं होतं. १७८६च्या मे महिन्यात मोझार्टच्या 'फिगारो' या संगीतनाटकाचे पहिले प्रयोग झाले, लोकांनी इतकी पदं पुन्हा मागितली की सम्राट जोसेफला हुकूम काढावा लागला: एकट्याचं पद पुन्हा चालेल, अनेकांनी मिळून गायचं पुन्हा नाही. दोन्हीकडचे रसिक सारखेच हावरे, दोन्हीकडे कुठेतरी आवर घालावा लागला. पण त्या हुकमात लोकांच्या पात्रतेबद्दल शब्द नव्हता. प्रयोग वेळेत संपावा एवढाच हेतू होता. नियम कामापुरता असावा.

आणि जाणकारांच्या नियमांनाही एकदा तपासून पाहायला हवं. 'हालेलुया' सुरू होताच दहा-बारा जण ताडकन उभे राहिले आणि बसलेल्यांकडे नाराजीने पाहू लागले. कारण काय, तर लंडनमध्ये राजा दुसरा जॉर्ज हा कोरस ऐकून उभा राहिला होता. या गोष्टीला त्या काळचा एकही भक्कम पुरावा नाही. पहिला उल्लेख १७८०च्या एका पत्रातला, म्हणजे प्रसंगानंतर सदतीस वर्षांचा आणि तोही ऐकीव. ज्यांना मनापासून उभं राहावंसं वाटलं त्यांनी खुशाल राहावं. पण ऐकीव गोष्टीवर उभं राहणाऱ्याने मनापासून वाजवलेल्या टाळीला अज्ञान म्हणू नये. खरं तर 'मसाया'च्या पहिल्या प्रयोगाची आठवण ठेवायची तर वेगळी ठेवता येईल. १३ एप्रिल १७४२, डब्लिन. सभागृहात जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांना घागऱ्याखालचे कडे न घालता आणि पुरुषांना तलवार न लावता यायची विनंती केली होती. जमलेल्या पैशांतून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सोडवले गेले. जास्त माणसांना आत घेण्याची ही धडपड आपण का नाही उचलत?

मग त्या संध्याकाळचे खरे अपराध कोणते? पहिला अपराध कार्यक्रमाच्या आधीचा. वादक आपापल्या जागी बसले होते, ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याने सूर दिला होता, सगळ्यांनी वाद्यं लावून घेतली होती. आणि मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत तारा उतरतात, ओबोची पत्ती सुकते. वादक ती ओली ठेवायला अधूनमधून ओठांत धरत होता. उत्तरार्धात तर दोन कोरसच्या मध्ये निवेदकाने कार्यक्रम थांबवला, कारण प्रमुख पाहुण्यांना निघायचं होतं आणि त्यांचा सत्कार राहून गेला होता. भागांमधल्या पाच सेकंदांच्या टाळीने रचना भंगते म्हणणाऱ्यांपैकी एकानेही या दहा मिनिटांबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. दुसरा अपराध मोबाइलचा. माझ्या समोर चार पडदे सतत उजळलेले होते, आणि ते धरणारी माणसं वाद्यवृंदाकडे नाही, पडद्यावरच्या वाद्यवृंदाकडे पाहत होती. एकाचा फोन मोझार्टच्या दुसऱ्या, सर्वांत हळव्या भागात वाजला आणि तो उठून बोलत बोलत बाहेर गेला. तिसरा अपराध दारांचा: कार्यक्रमभर ये-जा चालू, दर वेळी बाहेरच्या उजेडाचा पट्टा आणि वेफर्सच्या पुड्यांचा आवाज. ही माणसं टाळ्या कधी वाजवत होती? बहुतेक नाहीच, कारण भाग कधी संपला ते त्यांना कळत नव्हतं. ज्याने पहिला भाग संपल्याबरोबर टाळी वाजवली, त्याने निदान तिथवर कान दिला होता. श्रोत्याला मोजायचंच असेल तर मी या मापाने मोजेन.

खान्देशात असा कार्यक्रम वारंवार होत नाही. साठ वादक आणि चाळीसेक गायक घेऊन मुंबईहून यायचं म्हणजे खर्च प्रचंड, आणि तो पुन्हा करायला कोणी तयार होईल ते सभागृह भरलं तर. धुळे, चोपडा, शहादा इथून गाड्या करून आलेली माणसं त्या दिवशी होती. त्यांतली किती पुन्हा येतील, हे सिंफनीच्या चार भागांच्या ज्ञानावर ठरणार नाही; आपल्याला तिथे कसं वागवलं गेलं यावर ठरेल. म्हणून पुढच्या आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. सत्कार आणि भाषणं कार्यक्रम संपल्यावर ठेवा. तिकिटासोबत मराठीत एक पान द्या: कोणती रचना, किती भाग, कुठला भाग कसा संपतो, आणि जिथे शांतता रचनेचाच भाग आहे ती जागा कुठली. वाद्यवृंद सुरू झाला की दारं बंद करा, भाग संपल्यावरच उघडा. आणि संचालकांनाच दोन मिनिटं बोलू द्या. त्यांनी हात वर धरून दाखवावा, खाली आणून दाखवावा, आणि मधल्या भागांनंतर टाळी आली तर चालेल की नाही ते स्वतः सांगावं. काही संचालकांना ती नको असेल. मग लोक नाही वाजवणार. विनंती केली तर जळगावचा श्रोता ऐकतो. पण ही विनंती मंचावरून सगळ्यांना एकदम व्हावी. शेजारच्या खुर्चीतून, एकट्या माणसाला, त्याच्या नातीसमोर होऊ नये.